वेल्समधल्या गावात कम्युनिटी कौन्सिलवर आलात? पहिल्या वर्षासाठी थोडी वाटाड्यागिरी

आमच्या गावाच्या हॉलबाहेरच्या काचेच्या बोर्डात एक कागद लावलेला होता: कम्युनिटी कौन्सिलवर एक जागा रिकामी आहे, इच्छुकांनी क्लार्कशी संपर्क साधावा. काचेआड बाष्प धरलेलं, कागदाचा कोपरा ओला होऊन मुडपलेला. दुकानात जाता-येता तीन आठवडे तो वाचला आणि चौथ्या आठवड्यात ईमेल टाकला. डोक्यात चित्र होतं ते माहेरच्या ग्रामपंचायतीचं. पॅनेल, गुलाल, सरपंचाची खुर्ची, घरपट्टीच्या पावत्या. प्रत्यक्षात गेले तर सात माणसं, बिस्किटांची एक बशी, आणि बाकाची कुजलेली फळी कुणी बदलायची यावर पाऊण तास चर्चा.

आता त्या बशीजवळची एक खुर्ची माझीही झाली आहे. वेल्समध्ये, त्यातही खेड्यापाड्यात, स्थायिक झालेल्या दोघा-तिघा मराठी मंडळींनी विचारलं की हे नेमकं काय असतं, आपल्याला जमेल का, सुरुवात कशी करायची. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी ओळख

वेल्समध्ये २२ मोठ्या स्थानिक कौन्सिली आहेत (पुढे मी त्यांना ‘काउंटी’ म्हणेन). शाळा, बहुतेक रस्ते, कचरा, समाजसेवा हे सगळं त्यांच्याकडे. त्यांच्याखाली सातशेहून जास्त कम्युनिटी आणि टाउन कौन्सिली आहेत. इंग्लंडमध्ये याच पायरीला पॅरिश कौन्सिल म्हणतात. वेल्समध्येही १८९४ च्या कायद्यापासून पॅरिश कौन्सिलीच होत्या. १९७२ च्या कायद्याने त्यांच्या जागी १ एप्रिल १९७४ पासून ‘कम्युनिटी’ आली. वेल्श भाषेत ‘कंगोर कमीनेद’. गावातले जुने लोक बोलण्याच्या ओघात अजूनही पॅरिश म्हणतात, तेव्हा गोंधळू नका.

खालची कौन्सिल ही वरच्या कौन्सिलचं गावातलं ऑफिस नाही, हे लक्षात ठेवा. ती कायद्याने स्वतंत्र संस्था आहे. काउंटीचा अधिकारी तुमचा साहेब नाही आणि तुम्हीही त्याचे नाही. म्हणूनच निम्म्याहून जास्त काम पाठपुराव्याचं असतं. त्याबद्दल पुढे.

ग्रामपंचायतीशी तुलना करायचा मोह होतो, पण ती लवकर फसते. इथला अध्यक्ष म्हणजे सरपंच नव्हे. तो बैठक चालवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो, आणि बाकी वेळ तुमच्यासारखाच एक सभासद असतो. पक्षाचं राजकारणही खेड्यात फारसं नसतं. अनेक गावांत जागांएवढेही उमेदवार मिळत नाहीत.

उभं राहता येईल का

वय १८ पूर्ण हवं. ब्रिटिश नागरिकत्व असायलाच हवं असं नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर, इथे कायमचं राहण्याची परवानगी मिळालेली असेल तर, उमेदवार होता येतं. मतदानाची अट त्याहून सैल आहे. वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिकही मतदार यादीत नाव घालू शकतो, आणि वेल्समध्ये स्थानिक निवडणुकीत मतदान १६ व्या वर्षापासून करता येतं. घरात अकरावी-बारावीतली मुलं असतील तर त्यांचीही नावं घाला.

शिवाय गावाशी नातं दाखवावं लागतं. गावच्या मतदार यादीत नाव असणं, वर्षभर गावात राहत असणं, मुख्य काम गावात असणं, किंवा गावापासून तीन मैलांच्या आत राहणं, यातलं एक पुरतं.

निवडणूक दर पाच वर्षांनी. मागची मे २०२२ मध्ये झाली, पुढची मे २०२७ मध्ये. पण बहुतेक नवी माणसं येतात ती मधल्या रिकाम्या जागेवर. जागा रिकामी झाली की नोटीस लागते. ठरलेल्या मुदतीत दहा मतदारांनी निवडणूक मागितली तर निवडणूक होते, नाही तर कौन्सिल स्वतःच कुणाला तरी सामावून घेते. इथे त्याला को-ऑप्शन म्हणतात. मी तशीच आले. ‘मला हे का करायचं आहे’ यावर छोटंसं भाषण घोकून गेले होते. अध्यक्षांनी एकच विचारलं, “सोमवारी संध्याकाळी मोकळ्या असता ना?”

पहिल्या आठवड्यात

पदस्वीकृतीच्या कागदावर सही केल्याशिवाय तुम्ही सभासद म्हणून काम करू शकत नाही. त्याच कागदाने तुम्ही आचारसंहिता पाळण्याचं वचन देता. मग हितसंबंधांची नोंद: नोकरी, घर, जमीन, कुठल्या संस्थेचं पद. ही नोंद कुणालाही बघता येते. आचारसंहिता मोडल्याची तक्रार थेट वेल्सच्या सार्वजनिक सेवा ओम्बुड्समनकडे, म्हणजे लोकपालाकडे, जाते. घाबरण्यासारखं काही नाही, पण फेसबुकवर शेजाऱ्याशी भांडताना आपण आता कोण आहोत हे आठवलं पाहिजे.

कौन्सिलच्या कामासाठी ईमेल वेगळा ठेवा. माहितीचा अधिकार कौन्सिलला लागू आहे, आणि तुमच्या घरच्या ईमेलवरचा कौन्सिलचा पत्रव्यवहारही त्यात येतो. मामेभावाच्या लग्नाच्या फोटोंमधून गटाराची पत्रं शोधत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

त्याच आठवड्यात क्लार्ककडे पाच गोष्टी मागा: बैठकीचे नियम, आर्थिक नियम, चालू वर्षाचं अंदाजपत्रक, गेल्या वर्षभराची इतिवृत्तं, आणि मालमत्तेची यादी. पहिली चार वाचा. पाचवी खिशात घालून गावभर फिरा. माझ्या यादीत अकरा बाकं होती, प्रत्यक्षात मला नऊ सापडली. दोन बाकं कुठे गेली याचं उत्तर अजून कुणाकडे नाही, पण विमा मात्र अकरांचा भरत होतो.

क्लार्कबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. तो एकमेव पगारी माणूस असतो, तोही आठवड्याला मोजक्या तासांचा. कधी एकच बाई शेजारच्या दोन-तीन गावांचं काम बघते, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावरून. अजेंडा, इतिवृत्त, हिशेब, पत्रव्यवहार, कायदा काय म्हणतो ते सांगणं, सगळं तिच्याकडे. आपल्याकडच्या ग्रामसेवकासारखं पद म्हणा, फक्त गाडी आणि शिपाई वजा. तिला काम सांगायचं ते कौन्सिलने, ठराव करून. तुम्ही एकट्याने फोन करून नव्हे.

आणि एकटा सभासद कशालाच होकार देऊ शकत नाही. हे मी ६० पौंडांना शिकले. गवत कापायला आलेल्या माणसाला सहज म्हटलं, “आलाच आहात तर बसथांब्यामागची झुडपंही काढा की.” त्याने काढली, आणि महिन्याभराने बिल आलं. त्यामागे ठराव नव्हता. पुढच्या बैठकीत माझं नाव असलेला विषय अजेंड्यावर आला, तोही खर्चाच्या सदरात. अधिकार कौन्सिलला असतो. ती तो समितीला किंवा क्लार्कला सोपवू शकते, एका सभासदाला नाही. अध्यक्षालाही नाही.

बैठक

अजेंडा बैठकीआधी तीन पूर्ण दिवस हाती पडायला हवा. नोटिशीचा दिवस, बैठकीचा दिवस आणि रविवार त्यात धरत नाहीत. म्हणजे सोमवारच्या बैठकीचा अजेंडा बुधवारपर्यंत निघालाच पाहिजे. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. शेवटी कुणीतरी हमखास “जाता जाता एक” म्हणून खड्डा काढतो. त्यावर बोलता येतं, पैसे खर्च करण्याचा ठराव मात्र करता येत नाही. तुमच्या मनात काही असेल तर दहा दिवस आधी क्लार्कला एका वाक्यात लिहा: काय हवं आहे, किती खर्च येईल.

गणपूर्ती एकूण सभासदांच्या एक तृतीयांश, पण तीनपेक्षा कमी नाही. सलग सहा महिने गैरहजर राहिलात आणि कौन्सिलने कारण मान्य केलेलं नसेल, तर पद जातं. भारतात लांब सुट्टीवर जाणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं. तसं घरबसल्याही हजर राहता येतं. २०२१ च्या कायद्यापासून प्रत्येक कौन्सिलला ऑनलाइन हजेरीची सोय ठेवावीच लागते. ऐकू येणं आणि बोलता येणं एवढी अट. आमच्या हॉलच्या जाड दगडी भिंतींनी या कायद्याला अजून मनापासून मान्यता दिलेली नाही.

त्याच कायद्याने गावकऱ्यांना बैठकीत म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि काय ठरलं याचं टिपण सात कामकाजाच्या दिवसांत इंटरनेटवर टाकावं लागतं.

हितसंबंध जाहीर करण्याचा विषय अजेंड्याच्या सुरुवातीलाच येतो. तिथे लाजू नका. तुम्ही हॉल समितीवर आहात आणि हॉलला देणगी द्यायची आहे, तर सांगा. नातं इतकं जवळचं असेल की बाहेरच्या माणसाला तुमच्या निर्णयावर शंका यावी, तर त्या विषयापुरतं खोलीबाहेर जायचं. शंका असेल तर आधीच्या आठवड्यात क्लार्कला विचारा. ऐन वेळी विचारलं तर सगळे छताकडे बघतात.

पैसा कुठून येतो

कौन्सिलचं मुख्य उत्पन्न म्हणजे प्रिसेप्ट. वर्षाला किती रक्कम लागेल हे कौन्सिल ठरवते आणि काउंटीला कळवते. काउंटी ती कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलात घालून वसूल करते आणि तुम्हाला देते. म्हणजे पावती त्यांची, बोलणी तुमची.

हिशेब एकदा हाताने करून बघा. या करासाठी घरांचे किमतीनुसार पट्टे पाडलेले असतात. समजा गावाने १२,००० पौंड मागितले आणि गावाचा कराचा पाया ४०० आहे, म्हणजे सगळी घरं ‘डी’ पट्ट्यातल्या घरांच्या प्रमाणात मोजली तर ४०० भरतात. मग डी पट्ट्यातल्या घराला वर्षाला ३० पौंड पडतात. सर्वात खालच्या ए पट्ट्याला सहा नवमांश, म्हणजे २०. सर्वात वरच्या आय पट्ट्याला एकवीस नवमांश, म्हणजे ७०. वेल्समध्ये असे नऊ पट्टे आहेत. उद्या कुणी म्हणालं की खेळाच्या मैदानात २,००० पौंडांचा नवा झोपाळा घेऊ, तर मनातल्या मनात उत्तर यायला हवं: डी पट्ट्याला पाच पौंड. वादाचा निम्मा धूर तिथेच विरतो.

कामाचे महिने नोव्हेंबर ते जानेवारी. नोव्हेंबरात अंदाजपत्रकाचा कच्चा खर्डा, जानेवारीच्या बैठकीत प्रिसेप्टचा आकडा. मार्चमध्ये सुचलेली उत्तम कल्पना वर्षभर वाट बघते. नव्या सभासदाची सर्वात सामान्य चूक हीच: उन्हाळ्यात उत्साह, हिवाळ्यात गैरहजेरी.

प्रत्येक खर्चामागे कायद्याने दिलेला अधिकार लागतो. बाक, बसथांबा, दफनभूमी, मैदान यांसाठी वेगवेगळी कलमं आहेत. कुठल्याच कलमात न बसणारं पण गावाच्या भल्याचं काही असेल तर १९७२ च्या कायद्याचं कलम १३७ कामी येतं. त्याला दर मतदारामागे मर्यादा असते. २०२४-२५ साली ती १०.८१ पौंड होती, म्हणजे ६०० मतदारांच्या गावाला ६,४८६ पौंड. हा खर्च हिशेबात वेगळा दाखवावा लागतो. आमच्याकडे शाळेच्या सहलीपासून हवाई रुग्णवाहिकेच्या देणगीपर्यंत सगळं या कलमावर टाकायची हौस होती. आता क्लार्क विचारते, दुसरं कलम नाही का?

खर्चावर भरलेला व्हॅट कौन्सिलला परत मिळतो, पण बिल कौन्सिलच्या नावावर हवं. दुकानातून स्वतःच्या नावावर रंगाचा डबा आणून पावती पुढे करणाऱ्या सभासदामुळे गावाचा तेवढा पैसा बुडतो. हेतू चांगला असला तरी असं करू नका.

वर्ष ३१ मार्चला संपतं. मग अंतर्गत लेखापरीक्षक, त्यानंतर वेल्सच्या ऑडिटर जनरलची तपासणी. वार्षिक पत्रक समोर येतं तेव्हा त्यावरचा प्रत्येक प्रश्न सावकाश वाचा. ‘हो’ म्हणणारं उत्तर कौन्सिलच्या नावाने जातं, म्हणजे तुमच्याही.

तुम्हाला काय मिळतं? घरून काम करण्याच्या खर्चापोटी वर्षाला १५६ पौंड आणि कागद-शाईपोटी ५२. नको असेल तर तसं स्वतः लेखी कळवावं लागतं. बरेच जण नाकारतात आणि ते नाकारल्याचं सगळ्यांना सांगतात.

बांधकामाचे अर्ज

बैठकीला गर्दी झाली तर समजावं, अजेंड्यावर बांधकामाचा अर्ज आहे. परवानगी देणं किंवा नाकारणं आपल्या हातात नाही. ते काउंटीकडे, आणि गाव राष्ट्रीय उद्यानात असेल, उदाहरणार्थ एररीमध्ये, ज्याला पूर्वी सगळे स्नोडोनिया म्हणत, तर उद्यान प्राधिकरणाकडे. आपल्याला मत विचारतात. मुदत पत्रात दिलेली असते आणि पुढची बैठक बहुतेक वेळा त्या मुदतीनंतर असते, म्हणून पत्र आलं की लगेच क्लार्कला विचारा की मुदत वाढवून मागायची की जादा बैठक घ्यायची.

मत कसं लिहायचं हे महत्त्वाचं. “आमच्या खिडकीतून डोंगर दिसायचा बंद होईल”, “घराची किंमत उतरेल”, “अर्जदार गावचा नाही” ही कारणं विचारात घेतली जात नाहीत. अरुंद रस्त्यावर वाढणारी रहदारी, शेजारच्या घरात थेट दिसणं, उजेड अडणं, सांडपाणी आणि पुराचा धोका, ही घेतली जातात. वेल्श भाषेवर होणारा परिणामही २०१५ च्या कायद्यापासून वेल्समध्ये विचारात घेण्याजोगा मुद्दा आहे. वीस घरांची वसाहत आली तर गावच्या शाळेतली बोलीभाषा बदलेल का, हा प्रश्न इथे सरकारी कागदावर विचारता येतो. मला याचं थोडं अप्रूप वाटतं.

जागेवर जाऊन बघा, पण अर्जदाराच्या स्वयंपाकघरात चहा घेत मत देऊन येऊ नका. बैठकीआधीच “माझा विरोध आहे” असं गावभर सांगितलंत, तर बैठकीत तुम्ही मोकळ्या मनाने ऐकलंत यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

कुणाचं काय: पाठपुराव्याची विद्या

लोक तुम्हाला दुकानात, चर्चबाहेर, कुत्रं फिरवताना गाठतील. खड्डा, दिवा, गटार, कुत्र्याची घाण. पहिला प्रश्न नेहमी एकच: हे कुणाच्या अखत्यारीतलं? खड्डा ए ४८७ किंवा ए ४७० सारख्या मुख्य रस्त्यावर असेल तर तो वेल्श सरकारचा, त्यांच्या ट्रंक रोड यंत्रणेला कळवायचं. गावातल्या आडव्या रस्त्यावर असेल तर काउंटीचा. नदीचं पाणी गढूळ झालं तर २०१३ साली सुरू झालेल्या नॅचरल रिसोर्सेस वेल्स या पर्यावरण बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे. नळाचं पाणी वेल्सच्या बहुतेक भागात ‘दूर कमरी’ (वेल्श वॉटर) या पाणी कंपनीकडे. रस्त्याचे दिवे बहुधा काउंटीचे, पण काही गावांत ते कम्युनिटी कौन्सिलचेच निघतात, म्हणून आधी मालमत्तेची यादी बघा.

कळवताना फोटो, तारीख आणि नकाशावरची जागा द्या आणि तक्रार क्रमांक घ्या. तो क्रमांक क्लार्ककडे द्या. पुढच्या बैठकीत “खड्ड्याचं काय झालं?” या प्रश्नाला क्रमांक हे उत्तर असतं, “मी सांगितलंय त्यांना” हे नव्हे. आमच्या पुलाजवळच्या तुंबलेल्या नाल्यासाठी चौदा महिन्यांत सहा पत्रं गेली. सहाव्या पत्रात आम्ही आधीच्या पाचांच्या तारखा ओळीने लिहिल्या, बाकी एक शब्द नाही. पंधरा दिवसांत गाडी आली.

वेगमर्यादेचा विषय तुम्हाला टाळता येणार नाही. १७ सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या रस्त्यांवर ३० ऐवजी २० मैल ही सर्वसाधारण मर्यादा झाली आणि प्रत्येक गावात दोन तट पडले. कुठल्या रस्त्याला अपवाद करायचा हे काउंटी ठरवते. तुम्ही फक्त गावाचं मत गोळा करून पाठवता. ते करताना स्वतःचं मत खिशात ठेवा. मी ठेवलं आहे.

भाषेचं काय

२०२१ च्या जनगणनेत वेल्समध्ये सुमारे ५,३८,००० लोकांनी वेल्श येत असल्याचं सांगितलं, म्हणजे १७.८ टक्के. पण हा सरासरीचा आकडा आहे. पश्चिमेच्या आणि वायव्येच्या काही गावांत बैठकच वेल्शमध्ये चालते आणि तुमच्या कानाला भाषांतराचे हेडफोन असतात. यात अपमान वाटून घेऊ नका. घरात मराठी आणि बाहेर दुसरी भाषा ही कसरत आपल्याला नवी नाही. आत शिरताना “नोस्वाइथ धा” (शुभ संध्याकाळ), निघताना “दिओल्ख” (धन्यवाद). एवढ्याने कुणी तुम्हाला वेल्शभाषी समजणार नाही, पण बिस्किटांची बशी तुमच्याकडे आधी सरकते.

प्रशिक्षण मिळतं, ते घ्या. वन व्हॉइस वेल्स ही या कौन्सिलींची संघटना अभ्यासवर्ग चालवते. आधी आचारसंहितेचा वर्ग करा, मग पैशांचा. बाकीचे नंतर.

लाल फोन बूथ

तुमच्या वाट्याला पहिलं काम छोटंच येईल. आनंदाने घ्या. आमच्या गावच्या चौकात जुना लाल फोन बूथ आहे. बीटी ही टेलिफोन कंपनी अशी वापरात नसलेली बूथं गावांना एका पौंडाला देते. आमच्या बूथमध्ये आता फोनच्या जागी डिफिब्रिलेटर आहे, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र. त्याची नोंद ‘द सर्किट’ या राष्ट्रीय यादीत केलेली आहे, म्हणजे ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकाला फोन आला की समोरचा माणूस सांगू शकतो, चौकातल्या बूथमधून पेटी आणा.

या बूथची तपासणी माझ्याकडे आहे. दर रविवारी सकाळी दार उघडायचं. दार फुगलेलं असतं, खांद्याने ढकलावं लागतं. पेटीवरचा हिरवा दिवा बघायचा. पेटी गरम राहते का ते हात लावून बघायचं, कारण थंडीत बॅटरी मान टाकते. छातीला चिकटवायच्या पॅडच्या पाकिटावरची तारीख वाचायची, वहीत टिपायची, कोळ्याची जाळी झटकायची. सध्याच्या पॅडची मुदत पुढच्या जूनमध्ये संपते. नव्या पॅडची किंमत मी आत्ताच क्लार्कला कळवून ठेवली आहे, नोव्हेंबरच्या खर्ड्यात घालायला.